मंद उजेड मोजणारा डोळा

मित्रांनो, लेनिनग्राडच्या एका संस्थेच्या तळघरात पडलेले मी एक जुने यंत्र आहे. माणसाला दिसणार नाही इतका मंद उजेड मोजणे हे माझे काम होते.

मला रिम्मा इसाकोव्नांनी घडवले. मोडीत निघालेले सुटे भाग जमवून त्यांनी काळ्या पेटीत माझा काचेचा डोळा बसवला. उंदराच्या यकृतातील पेशींची आवरणे त्या माझ्यापुढे ठेवत, त्यात लोहक्षाराचा थेंब टाकत आणि झाकण लावत. हळूहळू माझा काटा चढू लागे.

"पेशीतली चरबी चमकते म्हणे!" विभागप्रमुख व्सेवोलोद पेत्रोविच हसले. "उद्या चहाच्या समोवारात काजवे दाखवाल!"

"चरबीचा एक कण ऑक्सिजननं बिघडला, की तो शेजारच्याला बिघडवतो," रिम्मा इसाकोव्ना शांतपणे म्हणाल्या. "असे दोन बिघडलेले कण एकमेकांवर आदळले, की त्यांतून नवा, जहाल ऑक्सिजन सुटतो. हा उजेड त्याचा. थांबा, हवा काढून दाखवते."

हवा काढली, काटा पडला. हवा सोडली, काटा चढला. साहेबांचे हसू मावळले.

लेख तयार झाला, आणि नेमका तेव्हाच रिम्मा इसाकोव्नांच्या भावाने इस्रायलला जाण्याचा अर्ज केला. सोव्हिएत सरकारच्या लेखी हा देशद्रोहच; संशय साऱ्या घरावर येई.

"तुमचं नाव राहिलं तर लेख छापणार नाहीत," साहेब म्हणाले. "विज्ञानाचा विचार करा."

"आणि तुमचं एकट्याचं नाव राहिलं, की विज्ञानाचं भलं होतं का हो?"

साहेबांनी साऱ्या विभागासमोर लेखावरचे त्यांचे नाव खोडले. महिन्याभरात रिम्मा इसाकोव्नांची नोकरी गेली. जाताना त्यांनी माझ्या झाकणावर हात ठेवला. आता त्या कुठल्याशा नाट्यगृहात प्रेक्षकांचे कोट सांभाळतात, असे कानावर आले.

त्या लेखासाठी साहेबांना पदक मिळाले. पाहुणे येत, मला न्याहाळत, साहेबांची पाठ थोपटत. एकदा माझे अंतरंग दाखवण्याच्या घाईत साहेबांनी वीज बंद न करताच झाकण उघडले. भर दुपारचा लख्ख उजेड आत घुसला आणि माझा डोळा कायमचा गेला.

"खटारा आहे नुसता," साहेब पाहुण्यांना म्हणाले. "न्या खाली."

मित्रांनो, माझ्यावरची धूळ नाही पुसलीत तरी चालेल. पण कुणाच्या कष्टांवरून त्याचे नाव पुसले जात असेल, तर तेवढे मात्र गप्प बसून पाहू नका. रिम्मा इसाकोव्नांचे नाव खोडले गेले, त्या दिवशी त्या खोलीत बरेच जण होते.