यादीत ठेवलेलं नाव

१९५६च्या नोव्हेंबरात नागपूर आमच्यापासून वेगळं झालं आणि वारासिवनीजवळचं आमचं गाव मध्य प्रदेशात राहिलं. त्याच महिन्यात मतदार यादी तपासण्याचं काम माझ्याकडे आलं. मी शाळेत शिकवायचो, पण कुणाच्या घरी जाऊन बोलणं मला कधीच जमलं नाही.

तेजराम अंगणात दोरी वळत बसला होता. त्याचा मुलगा शालिकराम उकव्याच्या खाणीत कामाला होता. सून दाराआड उभी होती. लग्नाला वर्षही झालं नव्हतं.

“सुनेचं नाव?” मी तेजरामलाच विचारलं.

“तिच्या नावाचं लोणचं घालता का, गुरुजी? लिवा, शालिकरामची बायको.”

ती काहीतरी सांगणार होती. मी मान वर केली असती, तर सांगितलंही असतं. स्वतःचं नाव नसलेली नोंद खोडली जाते, हे मी पत्रकात वाचलं होतं. तरी मी तसंच लिहिलं.

सत्तावनला मतदान शाळेतच झालं. यादी घेऊन मी बसलो होतो. बायकांच्या रांगेतून ती पुढे आली.

“गुरुजी, माहं नाव पाहा ना.”

“नाही यादीत.”

“काहून? तुमी तं घरी आल्ते.”

मी यादीचं पान उलटलं. मागून रांगेतली गोदाबाई म्हणाली, “चाल पुष्पलता, बाजूले हो. गुरुजी का तुले पोटातून नाव काढून देतीन?”

बायका हसल्या. ती हसली नाही. नव्या लुगड्याचा पदर सावरत ती परत गेली. तिचं नाव मला कळलं ते असं.

तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असायची; त्या वर्षी जवळजवळ सगळ्या गावाने गावच्या पटेलांनी सांगितलेल्या पेटीत मत टाकलं. दुसऱ्या पेटीत सहा मतं निघाली.

पुढे ती नवऱ्याकडे उकव्याला राहायला गेली. नव्या यादीत मी ‘पुष्पलता शालिकराम’ असं स्वच्छ अक्षरात लिहिलं. गाव सोडून गेलेल्याचं नाव यादीत ठेवायचं नसतं. मी ठेवलं. मतदानाला तरी ती येईल, असं वाटायचं.

बासष्टला बौद्ध वस्तीने पटेलांचं ऐकणं सोडलं. सदुसष्टला शिकलेली पोरं फुटली. एकाहत्तरला बायकाही नवऱ्याला न विचारता मत देऊ लागल्या. प्रत्येक वेळी संध्याकाळी मी यादी चाळायचो. तिच्या नावापुढे खूण नसायची. बदललेलं गाव तिने पाहायला हवं होतं, एवढंच मनात यायचं. एवढंच होतं का, हे मला आजही नीट सांगता येत नाही.

सत्त्याहत्तरच्या फेब्रुवारीत तेजराम आजारी पडला, म्हणून ती आली. मी शाळेच्या ओसरीत यादी तपासत होतो. तिचे केस पिकू लागले होते, पण मी तिला लगेच ओळखलं.

“तुमचं नाव आहे,” मी म्हणालो. “दर वेळी ठेवलं मी.”

ती यादीवर वाकली. खाणीच्या शाळेत ती वाचायला शिकली होती.

“कायले ठेवलं, गुरुजी? आमी तिकडंच मत टाकतो. बासष्टपासून.” मग हसून म्हणाली, “तुमी परत पाठवलं होतं ना? उकव्याले गेल्यावर पह्यले नाव लिवून घेतलं. मीच सांगतलं बाबूले.”

“माझी चूक होती. तुम्हाला विचारायला पाहिजे होतं.”

“हौ, पाह्यजे होतं,” ती म्हणाली. रागाने नाही. “आता काढा ते. दोन ठिकानी नाव असलं तं मलेच बोलतीन.”

सासऱ्याच्या औषधाची वेळ झाली होती. ती फाटकाबाहेर पडेपर्यंत मी थांबलो. मग पट्टी ठेवून त्या नावावर सरळ रेघ मारली.