मशीन तिला

हमाल शिलाई मशीन उचलायला वाकला, तरी थोरलीने त्यावरचा हात काढला नाही.

"ताई, सोड ना आता," धाकटी म्हणाली. "आईची इच्छा होती. तुझ्यासमोरच बोलली ती."

बोलली खरी. महिन्यामागे, याच खोलीत. अर्धांगाने आईची मान खिळली होती, शब्दही तुटक झाले होते. थोरली नेहमीप्रमाणे पलंगाच्या उशामागे, खिडकीच्या उजेडात मशीन चालवत होती. धाकटी भेटायला आलेली, पायथ्याकडच्या कपाटाशेजारी उभी. आईने थरथरता हात उचलला, बोट समोर धरलं.

"मशीन... तिला."

थोरलीने वळून पाहिलं. बोटासमोर धाकटी. झालं!

जिला साधं बटण लावता येत नाही, तिला मशीन! आणि जिने आईचं हगणंमुतणं काढलं, याच मशीनवर लोकांचे कपडे शिवून दोघींचं पोट भरलं, तिच्या हाती भोपळा. थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एरवी थोरलीचं आणि आईचं दिवसभर काही ना काही बोलणं चालायचं. "वाकू नको... पाठ मोडेल," आई पडल्यापडल्या म्हणायची. "चहा... गार." मान वळत नसताना म्हातारीला कळतं कसं, याचं थोरलीला नवल वाटायचं. कान तिखट असतील, म्हणून ती सोडून द्यायची.

त्या दिवसापासून तिने बोलणंच टाकलं. भरवायची, पुसायची, पण तोंडाला कुलूप. गिऱ्हाइकाचा लांब काळा कोट शिवून झाला, तो बाहेरच्या खोलीत नीट टांगायचेही कष्ट घेतले नाहीत. कपाटाच्या दारावर अडकवला. मशीनच आपलं नाही, तर खोलीचे लाड कशाला? गिऱ्हाईकही फिरकलं नाही, कोट तसाच लटकत राहिला.

आणि आईने नवीनच टुमणं लावलं.

"ते... काढ."

थोरलीने पांघरूण काढलं.

"ते नाही. ते."

औषधांचा ट्रे उचलला. पाण्याचा पेला उचलला. बोट तसंच हवेत. रोज तेच. एका दुपारी थोरलीने मानेखालची उशी ओढून काढली.

"आता काय राहिलं? माझं कातडं काढू?"

आई रडली. थोरली मनात म्हणाली, रड. मी कमी रडले का? त्याच आठवड्यात आई गेली.

"बाई, तेवढा कोट बाजूला घ्या," हमाल म्हणाला. "मशीनला अडकेल."

धाकटीने कोट काढून हातावर घेतला. मशीन दाराबाहेर गेलं, जिन्यावर खडखडलं. खाली टेम्पोपाशी धाकटीचा नवरा सूचना देत होता. थोरली आईच्या पलंगावर बसली आणि बसल्याबसल्या आडवी झाली.

कपाटाच्या दारात आरसा होता. आरशात उशामागची खिडकी होती, आणि खिडकीखाली तिचं रिकामं स्टूल.

तिने मान न वळवता पुन्हा पाहिलं.

"ताई? चक्कर येतेय का?"

थोरली उठली. "इथे आडवी हो."

"अगं, टेम्पो थांबलाय—"

"हो म्हणते ना. मान वळवायची नाही."

आवाजच असा होता की धाकटी मुकाट्याने आडवी झाली. थोरली जाऊन स्टुलावर बसली, मशीन असतं तिथे वाकून.

"आईसारखं समोर बोट धर. काय दिसतंय?"

धाकटीने हात उचलला. बोट आरशाकडे गेलं.

"तू," ती म्हणाली.

मग ती घाईने उठली आणि जिन्याच्या तोंडाशी गेली. "अहो, थांबा. मशीन परत वर आणायला सांगा. ताईचं आहे ते."

जिन्यावर पुन्हा खडखड सुरू झाली. थोरलीने तिकडे पाहिलंही नाही. ती धाकटीच्या हातातल्या कोटाकडे बघत होती.

"ते काढ, ते काढ म्हणत होती गं," ती म्हणाली. "मी तिची उशी काढून घेतली."