मातीला आलेला फेस

मारुतीच्या पारापुढं पळसाची पानं ओळीनं मांडली होती आणि प्रत्येक पानावर मूठभर माती होती, ज्याच्या त्याच्या अंगणातली. पानामागं त्या त्या घरातलं एकेक माणूस हात जोडून उभं होतं. बाकी गाव गोल करून उभं होतं. पोखर्णीला निघालेल्या दोन रिक्षाही कडेला लागल्या होत्या आणि आतले प्रवासी माना लांब करून बघत होते. गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं की आजूबाजूची गावं स्वतःला शहाणी समजायला लागतील, आणि ती तशी नाहीत.

पारावर मृत्तिकानंद महाराज बसले होते. त्यांच्यापुढं दोन भांडी होती: एक तांब्याचा तांब्या, आणि एक काळ्या करवंटीचा कमंडलू.

"काळी आई बोलती," महाराज डोळे मिटून म्हणाले. "पण तिचं ऐकायला कान लागतो. मातीत सोळा कंपनं असतात. सतरावं कंपन उठलं की समजावं, कुणीतरी करणी केली. अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी हे यंत्रावर मोजलंय."

यंत्र कुठलं, हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर तेही अमेरिकेतच निघालं असतं.

गोलात मागच्या बाजूला, डोक्यावरचा पदर दातात धरून प्रियांका उभी होती. राधाकिशनची ती सून. लग्नाला दोन वर्षं झालेली, परभणीच्या कृषी महाविद्यालयात शिकलेली. महाराजांना गावात आणलं होतं तिच्याच सासऱ्यानं.

काल महाराजांना घेऊन सगळे राधाकिशनच्या रानात गेले होते. नाल्याकडेचा दोन एकराचा तुकडा. सगळीकडं सोयाबीन हिरवंगार, आणि बरोबर मध्ये एक पट्टा पिवळाजर्द. पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. दोनदा खत टाकलं, फवारणी केली, काही उपयोग झाला नाही. त्यात म्हैस आटली. मग राधाकिशनला कुणीतरी महाराजांचा नंबर दिला. महाराज आले, पट्ट्यात उभे राहिले आणि कमंडलूतलं तीर्थ जमिनीवर ओतलं. माती सुंऽऽ करून फसफसली, पांढराशुभ्र फेस वर आला. बायांनी कपाळाला हात लावले. एक म्हातारा तिथंच चिखलात बसला.

"भानामती," महाराज म्हणाले होते. "करणाऱ्याचा पाय जिथं पडला, तिथली माती अशी थुंकती. तिच्या अंगणाची माती बी थुंकल. उद्या पारावर निवाडा होईल."

'तिच्या' म्हणाले. बाईच असणार, हे महाराजांना माती बोलायच्या आधीच ठाऊक होतं.

प्रियांकाला मात्र तो फेस ओळखीचा होता. एकच बी, एकच खत, मग गेल्या साली पीक एकसारखं का आलं नाही, म्हणून पावसाआधीच तिनं त्या तुकड्याचा मातीचा नकाशा करायला घेतला होता. हातभर लांब दांड्याचं गिरमिट घेऊन ती सकाळी सकाळी रानात जायची, भोकं पाडायची, खालची माती वर काढून रंग बघायची, बोटांनी चोळून बघायची, पाणी लावून तिची वळी होते का बघायची. नाल्याकडं भारी काळी माती, गिरमिट सगळं आत गेलं तरी काळीच. वरच्या बांधाकडं वीतभर खाली मुरूम. दोन्हींच्या मध्ये मध्यम. हे तर कुणीही सांगितलं असतं. पण मधला पट्टा तिला कळेना. वर पांढरट, चुनखडीच्या खड्यांनी भरलेली माती, आणि खाली चांगली काळी. जमीन उलटी झाल्यासारखी. आणि पट्ट्याच्या कडा सरळ, सुतात आखलेल्या.

मातीत चुना किती हे बघायला तिच्याजवळ पातळ केलेल्या अॅसिडची लहान बाटली होती. काळ्या मातीवर थेंब टाकला की जेमतेम चार बुडबुडे यायचे. पट्ट्यात टाकला तर माती फसफसायची. अगदी कालच्यासारखी.

ती कालच बोलणार होती. पण सासूनं, सुमनबाईनं, तिचा दंड धरून ठेवला. "तू नागपंचमीच्या आदल्या दिशी बी रानात भोकं पाडलीस. गावानं बघितलंय. तोंड उघडलंस तर पयलं नाव तुपलंच निघल." नागपंचमीच्या सुमाराला आपल्याकडं माती खणत नाहीत, हे तिलाही ठाऊक होतं. ती भ्याली आणि गप्प बसली. रात्रभर तिला स्वतःचा राग येत राहिला होता.

महाराज पारावरून उतरले. तांब्या घेऊन ओळीनं पानांवर पाणी ओतत चालले. माती ओली झाली, काही झालं नाही. ज्याची माती गप्प राहिली तो माणूस मोठ्यानं श्वास सोडायचा. राधाकिशन सुटला. पोलीस पाटील माणिकराव सुटले. महाराज शेवटच्या पानापाशी आले आणि थबकले. डोळे मिटले. तांब्या शिष्याच्या हातात दिला आणि कमंडलू मागितला.

पानामागं पारूबाई उभी होती. सत्तरीची, एकटी. राधाकिशनच्या बांधाला लागून तिचं घर. निम्म्या गावाची लेकरं तिनं मांडीवर घेऊन न्हाऊ-माखू घातलेली, त्यात प्रियांकाचा नवरा जीवनसुद्धा. पाण्याला जाताना ती रोज त्याच रानातून जायची. एवढं कारण पुरे होतं; कालपासून गावात तिचंच नाव कुजबुजलं जात होतं, आणि ते सांगणारी माणसं महाराजांना आदल्या दिवशीच भेटली होती.

कमंडलूतली धार पडली. पारूबाईची माती फसफसली. फेस पानाच्या कडेवरून खाली उतरला.

गोल दोन पावलं मागं सरला. कुणीतरी लेकराला उचलून घेतलं.

"कबूल कर," महाराज म्हणाले.

"काय कबूल करू?" पारूबाई म्हणाली. "म्या काई केलं न्हाई."

"मग हे तीर्थ पी. निर्दोष असलीस तर अमृत हाय. दोषी असलीस तर आतून जाळील."

हा महाराजांचा हुकमाचा पत्ता होता. समोरची बाई भिते, पीत नाही, आणि न पिणं हाच गुन्ह्याचा पुरावा ठरतो. मग चार दिवसांत तिच्या घराला कुलूप लागतं आणि महाराजांचं नाव पुढच्या गावाला जातं.

पारूबाईनं हात पुढं केला. "द्या इकडं."

महाराजांचा हात जागीच राहिला. प्रियांकानं ते बघितलं. "घाई नको, माय," महाराज म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज माणसासारखा आला. "मुहूर्त बघावा लागंल."

"पिऊ द्या की," गर्दीतून कुणीतरी म्हणालं. "पिऊ द्या, खरं-खोटं व्हायलंच पायजे." दुसरा म्हणाला, तिसरा म्हणाला, मग सगळेच म्हणायला लागले. दोन दिवस महाराजांनीच जी आग पेटवली होती, ती आता त्यांनाच विझवता येईना. शिष्यानं स्टीलचा पेला आणला. महाराजांनी कमंडलू अंगापासून लांब धरून त्यात ओतलं आणि पेला जमिनीवर ठेवून झटकन मागं झाले.

प्रियांका मागून पुढं सरकली होती; तिच्या नाकाला तो आंबूस, झोंबरा वास लागला. तिनं महाराजांच्या कफनीकडं बघितलं. गुडघ्यापाशी कापडाला बारीक बारीक भोकं पडलेली होती, प्रयोगशाळेतल्या पोरांच्या कपड्यांना पडतात तशी. अंगठ्याला चिंधी बांधलेली होती. पारूबाई वाकली. तिनं पेला उचलला.

प्रियांका गोलातून थेट आत गेली आणि तिनं पारूबाईचं मनगट धरलं. पेला हनुवटीपाशी थांबला. झटक्यानं पेला हिंदकळला, चार थेंब मातीवर पडून चरचरले आणि पेला प्रियांकाच्या हातात आला.

"सूनबाई, माघारी जा," राधाकिशन ओरडला.

"जाते, मामा." सासऱ्याला ती मामाच म्हणायची. "आदी महाराजांनी ह्यातला एक घोट घ्यावा. अमृतच हाय ना."

"आमचं व्रत हाय," महाराज म्हणाले.

"मग नका पिऊ. बोट बुडवा नुसतं."

महाराजांनी दोन्ही हात कफनीत घातले. गर्दीचा आवाज खाली बसला.

"ही पोरगीच करणी करती," महाराज एकदम कडाडले. "हिनं रानात भोकं पाडली. विचारा तिला."

"पाडली," प्रियांका म्हणाली. "आता सगळ्यांसमोर आणखी एक काम करते. माणिककाका, तो कमंडलू घ्या. नीट धरा, अंगावर उडू देऊ नका. आन् पयलं आमच्याच पानावर ओता."

पोलीस पाटील माणिकराव मुळात थंड माणूस. पण महाराजांनी बोट बुडवलं नाही हे त्यांनीही बघितलं होतं. शिष्य आडवा येत होता, त्याला त्यांनी बाजूला सारलं, कमंडलू उचलला आणि राधाकिशनच्या पानावर धार सोडली.

माती फसफसली. सुंऽऽ करून पांढरा फेस वर आला.

राधाकिशनचं तोंड उघडं राहिलं. "आमची? मघाशी तर..."

"मघाशी तांब्यातलं पाणी होतं, मामा. आता माणिककाकांच्या पानावर."

माणिकराव क्षणभर थांबले. स्वतःच्या पानावर धार धरायला त्यांना दम घ्यावा लागला. तिथंही फेस आला. मग पुढचं पान, त्याच्या पुढचं. ओळीतलं एकही पान गप्प राहिलं नाही.

"म्हंजी सगळ्या गावानंच भानामती केली व्हय?" माणिकराव म्हणाले. कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

"पंचमीच्या आदी आपण अंगण कशानं पोतारतो?" प्रियांकानं बायांकडं बघून विचारलं.

"नाल्याच्या पांढऱ्या मातीनं," सुमनबाईच म्हणाली. इतका वेळ तिनं पदरानं डोळे झाकले होते.

"तिच्यात चुना असतो, आत्या. चुनखडीवर अॅसिड पडलं की वायू सुटतो आन् फेस येतो. खायच्या सोड्यावर लिंबू पिळल्यावर येतो, तसाच. ह्या कमंडलूत संडास धुवायचं अॅसिड हाय, पाणी घालून पातळ केलेलं. पारूमायचं अंगण बी त्याच मातीनं पोतारलेलं हाय, म्हणून फेस आला. तुमच्यावर पाणी ओतलं, तिच्यावर हे. एवढाच चमत्कार. आन् हे ती प्याली असती तर तिचा घसा जळाला असता. मग तुमी म्हणाला असता, बघा, दोषीच होती."

मघाशी 'पिऊ द्या' म्हणणारे खाली बघत होते.

"मग माजं सोयाबीन?" राधाकिशन हळू आवाजात म्हणाला. "ते कशानं पिवळं पडलं?"

सरळ कडांचं कोडं तिला काल तो फेस बघताना सुटलं होतं, पण हे सांगणं प्रियांकाला सगळ्यात जड गेलं. "मामा, उन्हाळ्यात आपण शेततळं खांदलं. खालची पांढरी माती निघाली, ती मशीननं रानाच्या मधोमध पसरली. नवी माती ताकदीची असती म्हणून. ती चुनखडीची होती. तिच्यात पिकाला लोह घेता येत न्हाई, म्हणून पानं पिवळी अन् शिरा हिरव्या. पट्ट्याच्या कडा बघा, मशीन जिथं वळलं तिथंच थांबल्यात. पारूमाय तर नाल्यापतूर चालत जायची. तिच्या पायानं झालं असतं तर सगळी वाट पिवळी पडली असती."

राधाकिशन आपल्या पानावरच्या मातीकडं बघत म्हणाला, "म्हंजी हे म्याच केलं."

"आपण केलं. हिराकसाची फवारणी करू, त्यात लोह असतं; शेणखत घालू. पुढच्या साली पसरलेली माती खरवडून काढू."

महाराज तोवर रिक्षाच्या दिशेनं निघाले होते. माणिकरावांनी त्यांना परत आणून पारावर बसवलं आणि पोलीस ठाण्याला फोन लावला. जादूटोण्याच्या नावाखाली माणसाला छळणं हा आपल्या राज्यात गुन्हा आहे, त्याचा कायदा आहे, हे माणिकरावांना माहीत होतं. फोन मात्र त्यांनी कालच करायला हवा होता. ते त्यांनी स्वतःच बोलून दाखवलं.

राधाकिशननं पारूबाईपुढं हात जोडले. "चुकलं, पारूमाय."

"माती तपासली, बरं झालं," पारूबाई म्हणाली. "पर मी कालपसून सांगायले, म्या काई केलं न्हाई. माती बोलली तवा तुमी ऐकलं. माजं कुणाला ऐकू आलं न्हाई."

ती वळली आणि घराकडं चालायला लागली. प्रियांका तिच्या मागं गेली.

"पारूमाय, तू पेला का घेतलास गं? मी आले नसते तर?"

म्हातारी थांबली. "सगळा गाव म्हणायला लागला ना, पोरी. दोन दिस म्हणायला लागला. मग मलाच वाटाया लागलं, झालं असल बाई आपल्या हातून काईतरी."

फेस कशानं येतो हे ठाऊक नसलं तर त्यात लाज नाही; सगळ्यांना सगळं कुठून ठाऊक असणार? पण कळेपर्यंत थांबणं कुणालाही जमतं. दुसऱ्याच्या पानावर ओतलेलं पाणी एकदा आपल्या पानावर ओतून बघणं जमतं. त्याला शिक्षण लागत नाही, महाराज तर मुळीच लागत नाहीत. त्या दिवशी पारापुढं अख्खं गाव उभं होतं, आणि एवढी साधी गोष्ट करायला एक सोडून कुणी पुढं आलं नाही. तीसुद्धा एक दिवस उशिरा आली.