शून्याखालची चांदणी

पेंटरबुवांना लुबाडलं ते एका पाटीनं, आणि तेच त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं. खिसा कापला असता तर चाललं असतं. बॅग पळवली असती तरी त्यांनी चोराच्या चपळाईचं कौतुक केलं असतं. पण ज्या माणसानं आपल्या गावातली झाडून सारी दुकानं रंगवली, ज्यानं भिंतीवर काढलेल्या माठापुढे उन्हाळ्यात लोक पेला घेऊन उभे राहत (असं ते स्वतः सांगत, आणि ते खोटं आहे असं तोंडावर म्हणायची हिंमत फक्त त्यांच्या बायकोत होती), त्या माणसाला परक्या देशात उतरल्या उतरल्या एका पाटीनं टोपी घालावी?

झालं असं. मेहुणी तिकडे राहायची. दोघी बहिणी लहानपणापासून म्हणत आल्या होत्या की एकदा बोटीत बसून बेटांना फेरी मारायची. बुवांच्या बाईंनी त्यासाठी वर्षानुवर्षं ब्लाउज शिवून पैसे साठवले. निघण्याआधी साडूभाऊंचा फोन आला.

"बुवा, रोकड थोडीच आणा. बाकी सगळं कार्डानं द्या. आणि मशीननं विचारलं तुमच्या पैशात घेऊ की इथल्या, तर डोळे झाकून इथल्या म्हणा."

सल्ला चांगला होता, पण साडूचा होता. साडूचा सल्ला ऐकायचा म्हणजे त्याच्या घरी पाण्याचा पेलाही मान खाली घालून घ्यायचा. बुवांनी बायकोचे सगळे पैसे रोख काढले आणि पोटाशी बांधून विमानात बसले.

बसस्थानकाच्या दाराशीच पैसे बदलायचं दुकान होतं. वर पाटी. निळ्या जमिनीवर पिवळं, भरदार, मडक्यासारखं गोल शून्य: कमिशन शून्य. शेजारी भावाचा आकडा, हातभर उंच. बुवांची नजर त्या शून्यावरच बसली. एका दमात ओढलेलं होतं, कुठे थरथर नाही. "ज्यानं हे शून्य काढलं तो माणूस खोटं बोलणार नाही," ते बायकोला म्हणाले.

"पाटी रंगवणारा वेगळा, पैसे देणारा वेगळा," बाई म्हणाल्या. तोवर बुवांनी पोटाची पुरचुंडी सोडली होती.

हातात आलं ते एवढंसं पुडकं. बुवांनी विचारलं, तेव्हा दुकानदारानं, गुळगुळीत दाढीचा आणि गुळगुळीत टकलाचा तो माणूस, ओल्या फडक्यानं काउंटर पुसत पुसत वर बोट दाखवलं. शून्याखाली मुंगीएवढी एक चांदणी होती. आकड्याखाली दुसरी. पाटीच्या तळाशी त्याच निळ्यात जरा गडद, मुंग्यांच्या रांगेसारखी बारीक अक्षरं: मोठा भाव फक्त पोतंभर पैसे बदलणाऱ्यांना. बाकीच्यांना आतला भाव. सेवा शुल्क वेगळे.

"परत द्या आमचे," बुवा म्हणाले.

"देतो की," गुळगुळीतशेठ म्हणाला. "परत बदलायचा भाव आणखी आतला आहे."

आता खरी मेख अशी, की चांदणी ही बुवांचीच हातखंडा चीज. सेलच्या पाट्यांवर 'अटी लागू' इतकं बारीक लिहायला त्यांच्यासारखा हात नव्हता. दुकानदार मुद्दाम बोलावून न्यायचे. ती अक्षरं कुणी वाचत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, म्हणून त्यांनीही वाचली नव्हती.

"जन्मभर बारीक अक्षरं काढलीत," बाई बसमध्ये म्हणाल्या, "एकदा वाचायचीत तरी."

मेहुणी आणि साडूभाऊ लॉजवर येऊन उतरले होते. तिथे हिशेब झाला. खोलीचं भाडं निघत होतं, खाणंपिणं निघत होतं. कार्डावरचे उरलेसुरले धरूनही चौघांची बोट निघत नव्हती.

"तुम्ही तिघं जाऊन या," बाई साडी झटकत म्हणाल्या. "मी काठावरून हात हलवीन."

साडूभाऊ म्हणाले, "अहो, बोटीचे मी देतो. घरच्या घरात कसला हिशेब."

"तुमच्या पैशानं ही बोटीत बसली तर मी पाण्यात," बुवा म्हणाले, आणि त्यांनी असे दात आवळले की साडूभाऊंनी विषय बदलून हवापाण्यावर नेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बुवा त्या दुकानासमोरच्या बाकावर जाऊन बसले. तिसऱ्याही दिवशी बसले. माशी मारायला बसलेल्या पालीसारखी नजर. गुळगुळीतशेठ शटर उघडायचा, बादली भरायचा, शिडी लावायचा आणि सगळ्यात आधी आपल्या हातानं पाटी पुसायचा. ओलं फडकं, मग पिळलेलं, मग पुन्हा ओलं. पाटी झाली की काउंटर, काउंटर झाला की टक्कल. त्याच फडक्यानं. नोकर होता, पण पाटीला हात लावायची त्याला मुभा नव्हती.

बुवांना एकदम काहीतरी सुचलं. ते उठले आणि हात जोडत दुकानात गेले.

"शेठ, परवा जरा आवाज चढला माझा. पण मी मूळचा पेंटर. तुमची पाटी बघितल्यापासून झोप नाही. शून्य अप्रतिम आहे, पण पिवळा उतरलाय. मला रंगवू द्या. हौस म्हणून."

"मजुरी?"

"शून्य."

फुकट म्हटल्यावर गुळगुळीतशेठचे कान असे टवकारले की चष्मा वर सरकला. "पण पाटीशिवाय दुकान उघडायची इथे परवानगी नाही."

"सुट्टीच्या दिवशी नेतो, दुकान उघडायच्या आत टांगून देतो."

माणसं परदेशी जाताना औषधं नेतात, बुवा ब्रश न्यायचे. रंग मात्र हवे होते, म्हणून नाइलाजानं त्यांनी साडूभाऊंना सोबत घेतलं. रंगाच्या दुकानात बुवांनी एक डबा ऑइल पेंटचा घेतला आणि दुसरे पाण्यात कालवायचे, शाळेतली मुलं चित्रं रंगवतात ते.

"हे तर पाण्यानं जातात," साडूभाऊ म्हणाले.

"जातात ना," बुवा म्हणाले.

साडूभाऊंनी बुवांचं कार्ड काउंटरवरच्या मशीनला लावलं. मशीननं प्रश्न विचारला: तुमच्या पैशात की इथल्या?

"बघा, किती गोड विचारतं," साडूभाऊ म्हणाले. "आपल्या पैशातला आकडा दिसला की जीव भांड्यात पडतो. आणि तिथंच ते स्वतःचा भाव लावून मोकळं होतं. हाही गुळगुळीतशेठच, फक्त टक्कल नाही." त्यांनी 'इथल्या' दाबलं. बुवांनी ऐकलं न ऐकलंसं केलं.

लॉजच्या मागच्या अंगणात बुवांनी पाटी आडवी टाकली. आधी घासून कोरी केली, मग ऑइल पेंटनं लिहायला बसले. बाई कपडे वाळत घालायला आल्या, त्यांनी वाचलं, आणि ओला टॉवेल हातात धरूनच त्या पायरीवर टेकल्या.

"अहो, हे त्याला दिसेल ना."

"वरून कपडे चढवणार आहे मी त्याला."

उन्हात रंग खडखडीत वाळला. मग बुवांनी त्यावर पाण्याच्या रंगाची जाड निळी जमीन दिली आणि जुनी पाटी हुबेहूब उठवली, मडक्यासारखं शून्य, चांदण्या, तळाची मुंग्यांची रांग, सगळं. शून्य तर असं उतरलं की बाईही म्हणाल्या, मोडायला जीव होत नाही. शेवटी उजव्या कोपऱ्यात, जिथे पाटीवाला आपली सही करतो, तिथली जमीन पुसून सही आणि तिच्याखाली एक बारीक ओळ ऑइल पेंटनं लिहिली. पाटीवाल्याची सही जगात कुणी वाचलेली नाही.

सुट्टी संपली त्या सकाळी पाटी वर चढली. गुळगुळीतशेठ खाली उभा राहून मागे सरकत सरकत बघत होता. "नव्यापेक्षा नवी झाली," तो म्हणाला.

"एक दिवस पुसू नका. रंग बसू दे," बुवा म्हणाले. त्यांना घाई नव्हती. सूड निवल्यावर जास्त गोड लागतो असं त्यांचं मत होतं, आणि शिवाय उद्याच्या सकाळी बाकावर बायकोलाही आणायचं होतं.

दुसऱ्या दिवशी बाकावर चौघं बसली. बाई, मेहुणी, साडूभाऊ, आणि मधोमध बुवा. स्थानकातून बाहेर पडणारे प्रवासी बॅगा ओढत दुकानापुढे गोळा होत होते. गुळगुळीतशेठनं बादली भरली, शिडी लावली, फडकं फिरवलं.

पहिल्या हातात शून्याचं पोट फुटलं. पिवळा ओघळ त्याच्या कोपरावरून बाहीत शिरला. त्याला वाटलं धूळ आहे, म्हणून त्यानं जोरात घासलं. निळी जमीन चिखलासारखी खाली आली आणि आतून लालभडक अक्षरं एकेक करून डोकं वर काढू लागली. तो घासत गेला तशी ती उजळत गेली. शिडीवर नाक पाटीला लागलेलं, त्यामुळे त्याला एका वेळी एकच अक्षर दिसत होतं. खालच्या लोकांना सगळी दिसत होती:

इथे बदलू नका. मोठा भाव पोत्याला, तुम्हाला आतला. शुल्क वेगळे. कार्डाने द्या, इथल्याच पैशात.

रांगेतली एक म्हातारी ते मोठ्यानं वाचत होती. तिनं उघडलेली पर्स मिटली. तिच्या मागच्यानं मिटली. पर्सची चेन ओढल्याचा आवाज रांगभर गेला, आणि बुवांनी तो डोळे मिटून ऐकला.

"हात छान चालतो हो त्याचा," मेहुणी म्हणाली.

"कसलेला आहे," बुवा म्हणाले.

गुळगुळीतशेठनं आधी फडकं बदललं, मग साबण आणला, मग स्वतःचा कोट काढून पाटीवर टांगला. कोट 'बदलू' या शब्दावर बसला, बाकीचं तसंच राहिलं. पाटी उतरवावी तर दुकान बंद. शेवटी तो रस्ता ओलांडून बाकापाशी आला. निळे, पिवळे, लाल ओघळ टकलावरून वाहत होते, कारण सवयीनं त्यानं फडकं तिथेही फिरवलं होतं.

"पुसा ते."

"पुसलं तर आणखी चमकतं," बुवा म्हणाले. "त्यावर पुन्हा रंगवावं लागेल."

"मग रंगवा. मजुरी शून्य म्हणाला होतात."

"म्हणालो होतो. चांदणी होती त्यावर." बुवांनी वर बोट दाखवलं, अगदी त्यानं दाखवलं होतं तसं. "उजवा कोपरा. माझ्या सहीखाली."

तो परत गेला, शिडी चढला, चष्मा पुसला आणि वाचलं: मजुरी शून्य. फेररंगणी वेगळी. भाव आतला.

आतला भाव किती, ते बाईंनी सांगितलं. त्या दिवशी त्यांचे जेवढे गेले होते तेवढे सगळे, आणि वर सेवा शुल्क. "आणि इथल्या पैशात द्या," त्या म्हणाल्या. गुळगुळीतशेठनं नोटा मोजल्या, प्रत्येक नोटेवर त्याचा निळा अंगठा उमटला. बुवांनी त्याच दुपारी, सगळ्यांच्या देखत, उरलेले तेच रंग पाण्यात कालवून पाटी पुन्हा जुनी होती तशी रंगवून दिली.

"आता टिकेल ना?" त्यानं विचारलं.

"पुसली नाहीत तर मी आहे तोवर टिकेल," बुवा म्हणाले. "फक्त पुसायची नाही, शेठ. सांगून ठेवतो."

"नाही पुसणार," तो म्हणाला, आणि बोलता बोलता त्याचा हात फडक्याकडे गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोटीच्या तिकीटखिडकीशी बुवा सगळ्यांच्या पुढे झाले. निळ्या अंगठ्यांच्या नोटा म्हाताऱ्या तिकीटवाल्यानं दोनदा उलटून बघितल्या आणि चार नोटांपैकी एक काही केल्या घेईना. उरलेल्या तिकिटाला बुवांचं कार्ड लावावं लागलं. मशीननं विचारलं: तुमच्या पैशात की इथल्या? ओळखीचा आकडा दिसताच बुवांचं बोट आपसूक तिकडे निघालं. बाईंनी वरच्यावर चापट मारली आणि स्वतः दुसरं बटण दाबलं. साडूभाऊ समुद्राकडे बघून खोकले.

बुवांनी तो खोकला सोडून दिला. तिकीट उलटं करून ते मागची बारीक अक्षरं वाचत बसले, शेवटच्या ओळीपर्यंत, बोट सुटायची घंटा झाली तरी.

"अहो, चला ना," बाई बोटीतून म्हणाल्या. त्या बहिणीच्या शेजारी, अगदी कडेला बसल्या होत्या. "आता कशाची वाट बघताय?"

बुवांनी घड्याळ बघितलं. शटर उघडलं असणार. बादली भरून झाली असणार. ते बायकोशेजारी जाऊन बसले आणि स्थानकाच्या दिशेनं कान लावला.

"शिडी लागली असेल," ते म्हणाले.