भिंतीवरची पळीवाली

खळ शिजवावी तर कौसल्येनं. परळच्या त्या चाळीत ही गोष्ट सगळे कबूल करायचे, अगदी नळावर तिच्याशी रोज कडाकडा भांडणाऱ्या सुंदराबाईसुद्धा. मैदा गार पाण्यात कालवायचा, गुठळी म्हणून राहू द्यायची नाही, मंद आचेवर पळीनं ढवळत राहायचं आणि पळी वर उचलली की तार सुटली पाहिजे. अशा खळीनं चिकटवलेला कागद पोलिसांनी नखं मोडेस्तोवर खरवडला तरी निघत नाही.

तिचा नवरा भिवा गिरणीत कापड विणायचे साचे चालवायचा. हाताला चित्रांचं वेड. छप्पन सालच्या जानेवारीत, मुंबई महाराष्ट्राला देत नाहीत हे रेडिओवरून कळलं आणि गिरणगाव पेटलं, तेव्हापासून तो युनियनच्या खोलीत बसून जुन्या वर्तमानपत्रांवर काळ्या-लाल रंगात पोस्टरं रंगवायचा आणि भल्या पहाटे, पोलिसांची पाळी बदलायच्या वेळेला, लालबागपासून काळाचौकीपर्यंत चिकटवत जायचा. घरी मात्र त्यानं एक चित्र कधी आणलं नाही. "घरात सापडलं तर तुलापण नेतील," म्हणायचा. चाळीच्या आसपासही लावायचा नाही. आणि कौसल्या त्या दिवसांत नळापलीकडे जात नव्हती, कारण रस्त्यात गोळ्या सुटत होत्या आणि गोळीला बाई-बाप्या कळत नाही. तेव्हा जिच्या हातच्या खळीवर सगळी पोस्टरं उभी, तिनंच त्यातलं एकही पाहिलेलं नव्हतं. काढत असेल काहीतरी, झेंडे-बिंडे, असं तिला वाटायचं.

एका संध्याकाळी तो घरी आला तो तोंड पाडून. भाकरीला हात लावेना.

"काय झालं वो?"

"बकऱ्यांनी खाल्ली गं चित्रं. काळाचौकीला. तुझी खळ गोड लागते त्यांना. अख्खा चेहरा खाल्ला, डोळ्यांपासून हनुवटीपर्यंत. नुसता पदर राहिला भिंतीवर."

"पदर? कुणाचा पदर?"

"आहे एक बाई," भिवा म्हणाला आणि मिशीत हसला.

झालं! कौसल्येचं डोकं फिरलं. एवढी माणसं मरतायत आणि हा बाप्या बाया काढत बसलाय! पण तो मेला हसतच राहिला, आणि निजताना म्हणाला, "उद्या खळीत मोरचूद घाल. चिमूटभर. जाहिराती लावणारे घालतात. कडू जहर लागतं, जनावर तोंड लावत नाही."

पहाटे तिनं पुडी सोडली. निळे खडे कुटले. चिमूट घ्यायची ती तिनं मूठ घेतली. रागानं म्हणा, त्याच्या मेहनतीचा कळवळा म्हणा, दोन्ही होतं. "खा म्हणावं आता!" असं त्या बकऱ्यांना बजावून तिनं मूठभर मोरचूद खळीत लोटलं. खळीला हिरवट झाक आली.

"अगं, एवढं?" भिवानं बादलीत डोकावून विचारलं.

"असू दे. हात धुवा म्हणजे झालं. आणि माझी पळी परत आणा, आमटी कशानं वाढू?"

"आणतो गं बाई," म्हणाला आणि बादली उचलून गेला.

ऊन वर आलं तरी त्याचा पत्ता नाही. लालबागच्या बाजूनं आवाज येत होते, आधी घोषणा, मग पळापळ, मग ते फटाक्यासारखे आवाज, ज्यांना आता कुणी फटाके समजत नव्हतं. तेवढ्यात जिना दणदणवत सोनूबाई कोळीण आली. माझगावच्या बंदराकडून ती रोज मासळी घेऊन चाळीत यायची. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा असली ही बाई नव्हे. हातभर सोन्याच्या बांगड्या घालून मिरवायची. आज तिच्या डोक्यावर पाटी नव्हती आणि कपाळ फुटून रक्त नाकावर आलेलं होतं.

"लाठी घातली मेल्यांनी. सगळी मासळी रस्त्यात," ती उंबऱ्यात बसत म्हणाली. "गो बाय, तुझा घोव आला का घरी?"

"नाही. का?"

"तिकडं एका पोस्टरवाल्याला धरलंय म्हणतात. जमादारानं त्याला बादलीतली खळ खायला लावली. भिंत चाटायला लावली. लोक सांगत होते, पोलिस हसत होते."

कौसल्येनं तिचा दंड धरला. "खळ खाल्ली? किती?"

"मला काय ठाऊक? पण पिठानं कोण मरतंय, बाय? घाबरू नको."

"सोनूबाई, त्यात मोरचूद आहे. मूठभर." कौसल्या पदर खोचत म्हणाली. "मीच घातलंय. कुठं धरलंय त्याला? सांग ना!"

"ते नाही कळलं. पण गो, तुझ्या घोवाची चित्रं मी रोज बघते येता-जाता. पार गिरगावात माझी भैण असते, तिकडंपण लोकांनी नेऊन लावलीत. लालबागला सुरू होतात ती. त्यांच्या मागनं जा. जिथं संपली तिथं त्याला धरला."

कौसल्या निघाली तशीच, पायात वहाण नाही की काही नाही. एकच गोष्ट तिला कळत होती. जिथं कुठं तो असेल तिथं कुणीतरी म्हणत असेल की मार खाऊन उलट्या होतायत, पडू द्या. मोरचूद आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ते सांगायला आणि त्याच्या पोटातनं काढायला लावायला तिला वेळेत पोचायचं होतं, बस.

लालबागच्या नाक्यावर टायर जळत होते. रस्ताभर चपला पडलेल्या, कुणाची एक, कुणाच्या दोन. इराण्याच्या हॉटेलाच्या पायरीवर चादरीखाली माणूस झाकलेला होता आणि चादरीतून रक्त झिरपून गटारात जात होतं. अश्रुधुरानं डोळे चुरचुरत होते. डोळे पुसून तिनं वर पाहिलं आणि भिंतीवर तिला पहिलं पोस्टर दिसलं.

एक बाई होती. पदर कमरेला खोचलेला, कुंकू आडवं, नाक जरा फताडं, आणि हातात उगारलेली पळी. पुढं एक ढेरपोट्या शेठ मुंबई गाठोड्यात बांधून पळत होता आणि बाई त्याच्या टाळक्यात पळी हाणत होती. खाली लिहिलं होतं, झालाच पाहिजे.

कौसल्या बघतच राहिली. ते नाक तिचं होतं. डाव्या भुवईवरचा लहानपणीचा व्रणसुद्धा होता. अरे माझ्या कर्मा! जिच्यावरून रात्री ती त्याच्यावर डाफरली ती बाई हीच होती. हा माणूस दिवसभर साच्यांच्या खडखडाटात उभा राहून मनात तिचं नाक घोळवत होता आणि तोंडानं कधी एक शब्द बोलला नाही. तिला रडू फुटलं, पण रडायला थांबायची सोय नव्हती.

तिनं कागदाच्या कडेला बोट लावलं. खळ कडकडीत वाळलेली होती. म्हणजे इथून तो केव्हाच पुढं गेलेला. तिच्या हातची खळ, ती किती वेळात वाळते हे तिच्याशिवाय कुणाला कळणार होतं? पुढच्या भिंतीवरही तीच पळीवाली होती, खळ वाळलेली. गल्लीच्या तोंडाशी आणखी दोन होत्या, शेजारी-शेजारी, कडा जरा दमट. काळाचौकीकडे वळल्यावर पोलिसांची लॉरी भरधाव आली, लोकांनी दगडांचा मारा केला, लॉरीतून गोळी सुटली आणि तिच्या पुढ्यात एक तरणाताठा पोरगा मांडी धरून खाली बसला. दोघांनी त्याला ओढत नेला. कौसल्या भिंतीला चिकटून उभी होती. पाठीला गारगार लागलं म्हणून वळली तर मागं पोस्टर, आणि तिच्या पातळाला खळ लागलेली. ओली. ती पळत सुटली.

शेवटचं पोस्टर एका उंच भिंतीवर होतं. अर्धंच. खालचा कागद चुरगळून लोंबत होता, भिंतीवरची खळ चाटून काढलेली दिसत होती आणि खाली हिरवीनिळी ओकारी सांडलेली होती. शेजारी तिची बादली होती आणि बादलीत तिची पळी.

आणि तिथंच, भिंतीला पाठ लावून, जमादार उभा होता. त्याची लॉरी त्याला टाकून पळालेली, पिवळी टोपी धुळीत पडलेली, एक डोळा सुजून मिटलेला. भोवती सगळा रस्ता भरून माणसं. भिवाच्या साच्याशेजारी काम करणारा रामदास त्याची गचांडी धरून होता.

"वहिनी!" रामदास ओरडला. "अरे, वाट द्या, ही बघा पळीवाली! हीच ती!"

माणसं भिंतीकडं बघायची, तिच्याकडं बघायची. कुणीतरी "पळीवालीचा विजय असो" म्हणालं आणि शंभर तोंडांनी ते उचललं. कानठळ्या बसतील असा गलका झाला.

तिनं त्या गलक्यातूनच विचारलं, "माझा माणूस कुठाय?"

"सोडला त्याला," जमादार म्हणाला. "घरी गेला."

"घरनंच येतेय मी."

"मग दवाखान्यात गेला असेल. मला काय ठाऊक?"

एक दगड आला आणि त्याच्या तोंडावर बसला. त्यानं दात थुंकला. दुसरा दगड यायच्या आत कौसल्या मध्ये उभी राहिली, तो तिच्या खांद्यावर बसला. "थांबा!" ती किंचाळली. "हा मेला तर सांगणार कोण मला?"

लोक थोडे मागं सरले. ती जमादाराच्या तोंडाशी तोंड नेऊन म्हणाली, "त्यानं सांगितलं नाही तुला, यात मोरचूद आहे म्हणून?"

"सांगितलं."

"मग?"

"सगळे असंच काहीतरी सांगतात, बाई. पिठाला विष म्हणतात." रक्ताळलेल्या ओठांनी तो कसंनुसं हसला. "आम्हाला गंमत वाटली."

गंमत! कौसल्येच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तिनं बादलीतली पळी उचलली. रामदासनं जमादाराचं डोकं मागं खेचलं, पण तेवढीही गरज नव्हती. खळच खायची, दगड नाहीत, म्हणून त्या माणसानं आपणहून तोंड उघडलं.

"खा," ती म्हणाली.

त्यानं गिळलं आणि तोंड वेडंवाकडं केलं.

"खा!"

दुसरी पळी गेली. लोक नाचायला लागले. "आणखी! आणखी!" डबे वाजत होते, शिट्ट्या वाजत होत्या, भिंतीवरची पळीवाली जिवंत झाली होती आणि सगळ्या काळाचौकीला ती डोळे भरून बघायची होती. तिसरी. चौथी. खरं सांगायचं तर कौसल्येला गोड वाटत होतं. आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या माणसांनी तिच्याकडं पाहिलं होतं, आणि समोर अर्ध्या चड्डीतला जमादार ओक्साबोक्शी रडत होता. आपण काय विचारायला आलो होतो ते तिला तेवढा वेळ आठवलंच नाही. पाचवी पळी त्याच्या घशात उतरली तेव्हा त्याचे डोळे पांढरे झाले, तो गुडघ्यांवर पडला आणि भडभडून निळंहिरवं ओकला. आता त्याला पटलं.

त्यानं तिचे पाय धरले. "आई, वाचव. सांगतो. वखारीत टाकलाय. या भिंतीमागं कोळशाची वखार आहे, तिथं. साहेब म्हणाले, लॉरी येईस्तोवर कोंडा."

"मघाशी का नाही बोललास?"

"त्याची दशा बघून तुम्ही मला जित्ता सोडला नसता."

ती धावली. याच भिंतीच्या मागं, वळसा घालून गेलं की दार. बाहेरून कडी घातलेली. कडीला गंज होता आणि तिचे हात खळीनं निसटत होते, शेवटी रामदासनं लाथ घातली. दार थोडंसं उघडलं आणि अडलं, कारण आत दाराला लागूनच भिवा पडलेला होता.

त्याचं तोंड हिरवं आणि काळं झालं होतं. अंग कोमट होतं. कौसल्येनं त्याला मांडीवर घेतलं, हलवलं, पोट दाबलं, त्याच्या घशात बोटं घातली. "मोरचूद आहे वो त्यात," ती त्याला सांगत होती, "मूठभर आहे, ओका, ओकून टाका." रामदास खाली बसला आणि त्यानं डोक्यावरची टोपी काढली.

मग तिचं लक्ष दाराच्या आतल्या बाजूकडं गेलं. दारभर हातांचे ठसे होते, खळीनं आणि कोळशानं उमटलेले. वरचे माणूसभर उंचीवर, जोरानं थापा मारलेले. खालचे कमरेच्या उंचीचे, मग गुडघ्याच्या, मग अगदी उंबऱ्याशी, नुसती बोटं ओढल्यासारखे. भिवा हाका मारत होता, दार बडवत होता. भिंतीपलीकडं माणसं आहेत हे त्याला ऐकू येत होतं. कदाचित तिचा आवाजही ओळखला असेल.

बाहेर अजून "पळीवालीचा विजय असो" चाललंच होतं. कौसल्येनं वरच्या ठशाला बोट लावलं. खळ वाळलेली होती. मधल्याला लावलं, दमट होती. मग ती वाकली आणि उंबऱ्याजवळच्या सगळ्यात शेवटच्या ठशाला तिनं बोट लावलं.

खळ ओली होती.