मखमलची सूक्ष्म फेरी

कुत्री पिंजऱ्यात आडवी पडली होती आणि भिंतीवरच्या टीव्हीत तिच्या पावलांचा आकडा वाढत होता.

शेठच्या पत्र्याच्या शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. शेठ म्हणजे परवाना घेऊन कुत्र्यांची पैदास करणारा गृहस्थ. जमलेले बहुतेक त्याच्याच धंद्यातले, बायकामुलांसकट आलेले. सगळ्यांच्या माना एकदा पिंजऱ्याकडे, एकदा टीव्हीकडे अशा हलत होत्या. पिंजऱ्यात मखमल नावाची तपकिरी कुत्री ढिम्म. टीव्हीतल्या आकड्यांत मात्र मखमल भराभर चालतेय, ठोके झकास, नावापुढे हिरवा ठिपका. एका बाईंनी तर तिथल्या तिथे डोळे पुसले.

मध्यभागी खुर्चीवर पट्टेबाबा. दोन वर्षांपूर्वी ते चौकात मोबाइलची कव्हरं विकायचे. मग कधीतरी त्यांना प्राण्यांच्या आत्म्याचं नेटवर्क मिळायला लागलं.

"देह म्हणजे नुसता डबा," बाबा सांगत होते. "आत्मा म्हणजे वायफाय. डब्याला कुलूप लावा, वायफाय अडतं का? मखमलचा देह इथं आहे, पण मखमल गेलीय फिरायला. याला म्हणतात सूक्ष्म फेरी."

फेरी नीट व्हावी म्हणून सगळ्यांनी विश्वाचा मूळ नाद काढायचा होता. तो नाद बाबांना ध्यानात सापडला होता आणि तो होता 'घर्रर्र'. शेड भरून माणसं डोळे मिटून घर्रर्र करत होती. पिंजऱ्यातली कुत्री त्यांच्याकडे काळजीने बघत होती.

आता हे सगळं कशासाठी, ते सांगतो. आमच्या परवाना कार्यालयाने प्रत्येक कुत्र्याच्या गळ्यात पट्टा सक्तीचा केला होता. पट्ट्यात एक छोटी डबी. ती पावलं मोजते, ठोके मोजते आणि आमच्या पडद्यावर पाठवते. कुत्रं रोज मोकळं फिरलं की ठिपका हिरवा, कोंडून ठेवलं की लाल. लाल फार झाले की परवाना गेला. योजना चांगलीच होती. फक्त पडदा आल्यापासून आमच्या साहेबांनी कुत्री बघायला जाणंच सोडलं. हिरवा ठिपका भुंकत नाही, चावत नाही, बुटावर पाय वर करत नाही.

शेठने मागच्या अंगणाला कुलूप घातलं आणि तिथेही पिंजरे मांडले, तरी त्याचे ठिपके हिरवेच राहिले. बाबांची कृपा, असं तो सांगू लागला. मग बाकीच्यांनाही आपापली मोकळी अंगणं डोळ्यांत खुपायला लागली.

त्या दिवशी मखमलचा निकाल होता. शेठला तिच्याकडून आणखी एक वेत हवं होतं. त्यासाठी ती तंदुरुस्त आहे अशी सही लागते, आणि सही करणार होत्या आमच्या डॉक्टरीणबाई. सही झाली की मखमल पुन्हा गाभण, पुन्हा त्याच पिंजऱ्यात. साहेबांचं मत आधीच बनलं होतं. येताना गाडीत ते म्हणत होते की सूक्ष्म फेरीला नियमात बसवता येईल, फक्त 'चालणे' या शब्दाची व्याख्या थोडी सैल करावी लागेल. मी त्यांची बॅग धरून होतो. ती हातातून सुटली नाही हेच नशीब.

डॉक्टरीणबाई घर्रर्र करत नव्हत्या. त्या पिंजऱ्यापाशी उकिडव्या बसल्या. मखमलची मागची मांडी चाचपली. मग पंजा हातात घेतला आणि बराच वेळ नखं बघत राहिल्या. नखं वाढून वाढून आत वळली होती. चालणाऱ्या कुत्र्याची नखं जमिनीवर घासून झिजतात, असं त्या साहेबांना हळूच म्हणाल्या. साहेबांनी टीव्हीकडे बोट दाखवलं. ठिपका हिरवा होता, विषय संपला.

मग बाईंनी आपला मोबाइल काढला. त्यावर शेठच्या सगळ्या कुत्र्यांचे आकडे दिसत होते. लहान, मोठी, म्हातारी, सगळी एका वेळी चालत होती, एका वेळी थांबत होती, सगळ्यांचे ठोके सारखे. साहेब म्हणाले, याला म्हणतात शिस्त. शेठच्या बायकोने, तिला सगळे वहिनी म्हणत, घरातल्या माणसांनाही अशी शिस्त असती तर, असा सुस्कारा सोडला.

"बाबा," बाई उठून म्हणाल्या, "आत्मा पळू पण शकतो का हो?"

"आत्म्याला कसली अडचण?"

"दम नाही लागत?"

"दम देहाला लागतो, बाळ."

"मग जरा पळवा की. मला बघायचंय."

बाबांनी शेठकडे बघितलं, शेठने छताकडे. सगळं शेड वाट बघत होतं. शेवटी बाबांनी हात वर करून मोठ्याने 'वेग' असा आदेश दिला आणि घर्रर्र वाढवायला सांगितलं. टीव्हीतली पावलं धावायला लागली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ठोके चढले, आणखी चढले, मग टीव्हीवरचा ठिपका पिवळा झाला आणि खाली अक्षरं आली: 'श्वानाला धाप लागली आहे. कृपया पाणी द्या.' मखमल पिंजऱ्यात जांभई देत होती.

बाईंनी सगळ्यांना एक मिनिट गप्प बसायला सांगितलं.

माणसं गप्प झाली. घर्रर्र चालूच राहिलं.

ते येत होतं शेजारच्या खाद्याच्या कोठीतून. बाईंनी मोबाइलवरचं 'पट्टा शोधा' हे बटण दाबलं. कुत्रं हरवलं तर पट्टा वाजावा म्हणून ही सोय असते. मखमलच्या गळ्यातला पट्टा मुका राहिला. कोठीत मात्र सगळे पट्टे एकदम पीं पीं करायला लागले आणि आतून एक माणूस ओरडला, "दाजी, हे कशाने बंद होतं?"

साहेबांनी स्वतः दार उघडलं. आत व्यायामाचं धावतं यंत्र आणि त्यावर शेठचा मेहुणा, घामाने निथळत, तोंडात अर्धा पाव. मनगटांवर डब्या, दंडांवर डब्या, पोटऱ्यांवर डब्या, एक कपाळावर. सगळ्या वाजत होत्या. त्याला यंत्र थांबवता येत नव्हतं, कारण थांबवायचं बटण त्याच्याच जेवणाच्या डब्याखाली झाकलं गेलं होतं. मखमलची डबी होती पोटावर. का, तर यादीत तिच्या नावापुढे 'पैदाशीची मादी' असं होतं, म्हणून त्याला तीच जागा योग्य वाटली. कुत्र्यांच्या गळ्यात होते ते नुसते रिकामे पट्टे.

वहिनी पुढे आल्या. "अरे, तू तर म्हणालास डिजिटलमध्ये नोकरी लागली."

"ही तीच गं, ताई," मेहुणा पळता पळता म्हणाला.

बाबा मात्र खुर्चीतून हलले नाहीत. सगळ्या कुत्र्यांचे आत्मे या पुण्यवान देहात उतरले होते, असं त्यांनी शांतपणे जाहीर केलं. आणि खोटं कशाला सांगू, दोन-चार माना डोलल्यासुद्धा. एका काकूंनी विचारलं की आपल्या ह्यांच्या अंगात असं काही उतरवता येईल का, ते सोफ्यावरून उठतच नाहीत.

डॉक्टरीणबाईंनी वाद घातला नाही. त्यांनी पिंजऱ्याची कडी काढली आणि अंगणाचं कुलूप उघडायला लावलं. मखमल उंबऱ्यापर्यंत आली, मागचे पाय लटपटले, बसली. पुन्हा उठली. पिंजऱ्यांमधल्या एवढ्याशा मातीच्या पट्टीत जाऊन तिने नाक खुपसलं आणि शेपूट हलवली. एवढ्यानेच ती धापा टाकत होती.

"हिला वेत नाही," बाई म्हणाल्या. "आधी हिला चालायला शिकवायचंय. साहेब, पट्ट्यांतल्या डब्यांनी एकही आकडा खोटा दिला नाही. एक माणूस पळत होता, तेच त्यांनी सांगितलं. ते कुत्रं आहे असं आपण धरून चाललो."

शेठचा परवाना थांबला, मखमल बाईंच्या दवाखान्यात गेली, आणि बाबांना पोलिसांनी काही प्रश्न विचारले, ज्यांना उत्तर द्यायला नेटवर्क मिळेना. साहेब आता आठवड्यातून एकदा कुत्री बघायला जातात. दोनदा चावून घेतलंय, पण जातात.

तेव्हा मंडळी, पट्टे जरूर बांधा, पडदे जरूर लावा. पण झोपलेलं कुत्रं मैलभर चालल्याचं कोणी सांगितलं, तर हात जोडायच्या आधी पट्टा उघडून बघा, शेजारच्या खोलीचं दार ढकला, नखं तपासा. पडदा कितीही हिरवा असो, उठून पिंजऱ्यापर्यंत जा. तेवढी पावलं तरी आपली आपणच चालायची असतात.