देव हसतो तेव्हा

"तुम्हा दोघांनाही देश स्वतंत्रच हवाय ना? मग एकमेकांविरुद्ध कशाला उभे राहताय?"

आईबाबांना हा प्रश्न विचारायची पैज पेइ-च्युननं आणि बाकीच्या मैत्रिणींनी लावली होती. मी विचारला! तोही देवळासमोरच्या मांडवात, माईकवर, अख्खी वस्ती सूप भुरकत असताना. गेल्या वर्षापर्यंत मी वर्गात हजेरीसुद्धा कुजबुजत द्यायचे. मग वक्तृत्वात पहिली आले आणि तोंडाचं कुलूपच तुटलं.

बाबांनी चॉपस्टिक खाली ठेवल्या. आईनं नाही ठेवल्या.

दोघांचे पक्ष आमच्या हिरव्या आघाडीतले. आघाडी म्हणजे लेखी काही नाही हं. एकत्र जेवायचं आणि एकत्र निळ्यांना, म्हणजे चीनशी जुळवून घ्या म्हणणाऱ्यांना, नावं ठेवायची. बाबांचा पक्ष म्हणतो, तैवान स्वतंत्र आहेच, उगाच ओरडू नका. आईचा म्हणतो, आहे ना, मग ओरडा! आता दोघंही उद्या वस्तीप्रमुखपदाचा अर्ज भरणार, मतं फुटणार आणि निळे श्ये काका आयते निवडून येणार. शिवाय दोघांनाही आपापल्या प्रचारगाडीच्या भोंग्यावर मीच हवी.

"देवालाच विचारू," बाबा म्हणाले.

"का? बायकोला विचारायची भीती वाटते?" आई म्हणाली.

तरी सगळे भूमीदेवासमोर गेलो. चंद्रकोरीसारखे दोन लाकडी तुकडे माझ्या हातात दिले. एकाची सपाट बाजू वर आली, दुसऱ्याची फुगीर, तर देवाचा होकार. दोन्ही फुगीर, तर नकार. आणि दोन्ही सपाट पडले तर देव हसतोय, म्हणजे उत्तरच देत नाही.

"बाबांनी माघार घ्यावी का?"

देव हसला.

"मग आईनं?"

देव हसला.

"नीट टाक गं!" दोघं एकदम खेकसले. महिन्याभरातलं त्यांचं पहिलं एकमत.

"श्ये काकांनी घ्यावी का?"

देव पुन्हा हसला. मागे श्ये काकाही हसले, बदकाची तंगडी तोंडात धरून.

"तुझ्या घोषणा ऐकून हसतोय तो," बाबा आईला म्हणाले.

"घोषणा तरी आहेत माझ्याकडे! तुझा पक्ष नुसता घसा खाकरतो."

झालं, पुन्हा सुरू. देवानं तर हात झटकले होते. मी मांडवात परत जाऊन सरळ माईक उचलला.

"आईबाबा, माझं ठरलंय. उद्या तुमच्यापैकी एकानंच अर्ज भरायचा, दुसऱ्यानं त्याच्या गाडीवर चढायचं. दोन अर्ज दिसले, तर परवापासून मी श्ये काकांच्या भोंग्यावर. आणि मनापासून ओरडणार!"